हलकी जिन

हे मी दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. पहिल्यांदा इंग्रजीत लिहीत होतो, कारण चूक इंग्रजीची होती असं वाटत होतं. चार ओळींनंतर कळलं की इंग्रजी शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता. चूक झाली ती मराठीत सांगताना. म्हणून आता मराठीत लिहितो. नीट सांगता येईलच असं नाही.

माझे वडील कर्जतजवळ, दहिवलीच्या अंगाला, दगडखाण चालवणाऱ्या एका गोऱ्या कंत्राटदाराच्या बंगल्यावर बटलर होते. आमचं गाव खालापुराकडे, चौकच्या वाटेवर. घरी थोडी भातशेती होती, ती आई आणि काका बघत. वडील महिन्यातून एकदा चालत घरी येत आणि दुसऱ्या दिवशी चालत परत जात. त्यांना अक्षर येत नव्हतं. बंगल्यातल्या पन्नास बाटल्या ते आकारावरून, बुचावरून आणि वर डकवलेल्या चिठ्ठीच्या रंगावरून ओळखत, आणि त्यांना त्यांनी आपली नावं दिली होती. स्वतः त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. वास घेऊन आणि रंग बघून ते मिसळत. साहेब म्हणे, मुंबईच्या क्लबातसुद्धा असा हात नाही.

साहेब लढाईच्या वेळी इटलीत होता. तिथून त्याने एक सवय आणली होती. संध्याकाळी जेवणाआधी तो एक कडू पेय घ्यायचा. त्यात तीन बाटल्या लागत आणि तिन्ही सारख्या मापाने. एक व्हिस्की. एक लालभडक, काडेचिराईताइतकी कडू, तिला वडील 'लाल कडू' म्हणत. तिसरी तांबूस आणि गोडसर, वरमूट नावाची, ती 'गोडी'. वर बर्फ आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी. बर्फ कर्जत स्टेशनवरून भुशात गुंडाळून येई. या सगळ्याला वडील 'सायबाचा काढा' म्हणत. त्यांना वाटे, पोट साफ राहावं म्हणूनच हे लोक इतकं कडू पितात.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात इंटरच्या वर्गात होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीपलीकडे गेलं नव्हतं. वसतिगृहात मला जागा मिळाली ती साहेबाच्या पत्रामुळे. त्याने प्रिन्सिपॉलांना लिहिलं होतं की या मुलाचं इंग्रजी चांगलं आहे, मी स्वतः त्याच्याशी बोललो आहे. आम्ही बोललो होतो हे खरं, पण मी फक्त 'येस सर' आणि 'नो सर' एवढंच म्हटलं होतं. हे वडिलांना ठाऊक नव्हतं. ते दाराआड उभे राहून ऐकत होते, आणि त्यांना ते पुष्कळ वाटलं होतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी थोडे दिवस बंगल्यावर वडिलांच्या खोलीत राहिलो. साहेबाची तब्येत त्या उन्हाळ्यात ढासळली होती. डोळे पिवळट दिसत, पाय सुजत. मुंबईच्या डॉक्टरने व्हिस्की बंद करायला सांगितली होती. साहेबाला सगळं बंद करणं जमणार नव्हतं, म्हणून त्याने मधला मार्ग काढला. त्याच्या कोणा मित्राने त्या कडू पेयाची दुसरी, सौम्य तऱ्हा पत्रातून कळवली होती. शनिवारी मुंबईहून त्याचा भागीदार जेवायला येणार होता. त्याच्यापुढे हे नवीन पेय ठेवायचं होतं.

गुरुवारी साहेब खाणीवर जायला निघाला तेव्हा त्याने वडिलांच्या हातात एक कागद दिला आणि माझ्याकडे बोट केलं. एरवी तो मोडक्या हिंदुस्थानीत सगळं तोंडी सांगे. त्या दिवशी माझ्यावर विश्वास टाकून त्याने लिहून दिलं.

स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये एक चिंचोळी खोली होती, तिला बाटलीखाना म्हणत. तिथे वडिलांनी मला स्टुलावर बसवलं. माळीदादा दारात येऊन उभे राहिले. ते दहिवलीचेच, वडिलांच्या बरोबरीचे.

"वाच आता," वडील म्हणाले. "सावकाश वाच."

कागदावर पाच ओळी होत्या. वर लिहिलं होतं, 'ए लाइटर जिन ड्रिंक'. खाली मापं होती. जिन दोन भाग, पांढरी वरमूट एक भाग, लाल कडू अर्धा भाग, वर पुष्कळ सोडा, संत्र्याऐवजी लिंबाची साल.

मी म्हणालो, "हलक्या जिनचं पेय करायचंय."

"जीन?" माळीदादा म्हणाले. "घोड्यावर टाकतात ती?"

"तुमच्यासारख्याच्या पाठीवर टाकतात ती," वडील म्हणाले. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा बदलला होता. "हलकी जिन? सायबानं सोताच्या हातानं लिवलंय?"

"हो."

"हलकीच?"

"हलकीच."

मला तेव्हा कळलं नाही की बाटलीखान्यात 'हलकी जिन' नावाची एक खरीखुरी बाटली आहे. साहेबाच्या टेबलासाठी विलायतेची हिरवी बाटली होती, ती 'उंची'. आणि मुंबईच्या एका दुकानाची, जाड कागदाची चिठ्ठी डकवलेली, खाणीवरचे ओव्हरसियर वगैरे आले तर त्यांना देण्यासाठी ठेवलेली बाटली होती, ती 'हलकी'. साहेबाने ती कधी तोंडाला लावली नव्हती.

शब्दकोश माझ्या ट्रंकेत होता. पण माळीदादांच्या देखत उठून शब्द शोधायला जाणं मला लाजिरवाणं वाटलं. आता वाटतं, शोधला असता तरी तिथे 'हलका' हाच अर्थ सापडला असता. हलकं होतं ते पेय. मी तो शब्द जिनला चिकटवला.

शुक्रवारी दुपारी साहेब खाणीवर असताना वडिलांनी पेय करून पाहिलं. त्यांनी कपाटाच्या खालच्या फळीवरून कागदाच्या चिठ्ठीची बाटली काढली आणि म्हणाले, "ही हलकी." बूच उघडल्यावर त्यांनी वास घेतला आणि मान मागे केली.

"रॉकेलासारखा वास येतो रं हिला."

तेव्हा माझ्या मनात शंका आली. साहेब आजारी आहे, डॉक्टरने जपायला सांगितलं आहे, आणि तो स्वतःसाठी ओव्हरसियरची दारू का मागेल? पण मग असंही वाटलं की स्वस्त जिन कदाचित कमी तेज असेल, डॉक्टरने तीच सांगितली असेल. मला दारूतलं काय कळतं? मी त्यांना पुढची मापं वाचून दाखवली.

वडिलांनी चांदीच्या छोट्या मापाने दोनदा हलकी ओतली, एकदा पांढरी, आणि लाल कडूचं माप अर्ध्यावर थांबवलं. लांब चमच्याने ढवळलं. नेहमीच्या काढ्याचा रंग कोकमाच्या आगळासारखा गडद असे. याचा रंग फिका गुलाबी झाला, लाल कपडा पहिल्यांदा धुतल्यावर पाण्याला येतो तसा. सोडा ओतला तेव्हा तो आणखी फिका झाला.

"चव घे," वडील म्हणाले.

"मी?"

"मी तर नाय घेत. तू कालेजात जातोस. बोट बुडवून बघ."

मी चमचाभर घेतलं. आधी लिंबू लागलं, मग कडू, मग घशात काहीतरी उग्र, दिव्याच्या वातीसारखं. मी खोकलो. चांगलं की वाईट हे सांगायला माझ्यापाशी दुसरं काही नव्हतं ज्याच्याशी ते ताडून बघावं.

"कसं हाय?"

"असंच असेल," मी म्हणालो.

वडिलांनी पेला मोरीत ओतला. त्यांनी बाटलीचं बूच बसवलं. मग म्हणाले, "कागदावर हाय म्हनल्यावर हाय."

शनिवारी दुपारी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. ती त्यांना कोणी सांगितली नव्हती. साहेबाची उंची जिन पैलूदार काचेच्या सुरईत भरलेली असे, सुरईच्या गळ्यात चांदीची पट्टी. पाहुण्यासमोर ट्रेवर ती सुरईच जाई. वडिलांनी सुरईतली उंची जिन एका रिकाम्या सरबताच्या बाटलीत काढली, बूच घट्ट बसवलं, बाटली फडक्यात गुंडाळली आणि कपाटात अगदी मागे ठेवली. मग सुरईत हलकी भरली.

"असं का?" मी विचारलं.

"पावन्याम्होरं ती कागदाची बाटली ठेवू? सायबाची इज्जत जाईल. त्याला हलकी प्यायची तर पिऊ दे, लोकांना कशाला दावायची?"

संध्याकाळी साहेब आणि त्याचा भागीदार व्हरांड्यात बसले. मी बाटलीखान्यात बर्फ फोडत होतो. दार उघडं होतं, त्यामुळे मला बोलणं ऐकू येत होतं. साहेब मोठ्या आवाजात त्या नव्या पेयाबद्दल सांगत होता. वडील पेले ठेवून पाठीमागे उभे राहिले. भागीदाराने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि हसला. तो म्हणाला, "तुझा बटलर तुझ्या पाठीमागे चांगला धंदा चालवतो आहे."

साहेबाने आपला पेला उचलला, घोट घेतला, आणि उठला. सुरई हातात घेऊन तो बाटलीखान्यात आला. वडील मागून आले. साहेबाने सुरईचा वास घेतला, कपाट उघडलं, खालच्या फळीवरची अर्धी झालेली कागदाची बाटली पाहिली. मग त्याचा हात मागे गेला आणि फडक्यातली सरबताची बाटली बाहेर आली. त्याने बूच काढून तीही हुंगली.

"ये क्या है?"

"साब, आपने कागज पे लिखा था," वडील म्हणाले. त्यांना अजून भीती वाटत नव्हती. ते माझ्याकडे बघत होते.

"हमने? क्या लिखा?"

कागद माझ्या खिशात होता. मी तो काढला आणि पहिली ओळ पुन्हा वाचली. त्या वेळी ती मला जशी लिहिली होती तशी दिसली. मी हळू आवाजात, मराठीत म्हणालो, "बा, माझं चुकलं. जिन हलकी नाही, पेय हलकं. चांगलीच जिन घालायची होती."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं त्याहून जास्त त्यांच्या लक्षात आलं, असं मला वाटलं.

साहेबाने मला इंग्रजीत विचारलं, "काय म्हणतो आहेस?"

"सर," मी म्हणालो, "द वर्ड—"

"गप," वडील म्हणाले. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि मुठीत चुरगळला. "त्याला सांग, मी घेतली."

"बा!"

"सांग म्हनतोय ना. घरी न्यायला बाजूला काढली व्हती म्हन. सायबानं तुझ्या इंग्रजीवर पत्र दिलंय, आनि तुला पाच वळी वाचता येत नाय असं आता त्याच्या पावन्याम्होरं बोलू? सांग. आनि इंग्रजीत नीट सांग, अडखळू नको."

साहेब वाट बघत होता. भागीदार दारात येऊन उभा राहिला होता, हातात तोच फिका गुलाबी पेला.

मी सांगितलं. 'ही सेज ही टुक इट, सर.' त्याने घेतली असं मी म्हटलं नाही. तो म्हणतो त्याने घेतली, असं म्हटलं. त्या एका शब्दाआड थोडी जागा राहील, साहेब थांबून विचारील, असं मला वाटलं होतं. त्याने विचारलं नाही. वाक्य बरोबर होतं. मी अडखळलोही नाही.

साहेबाने बाटली टेबलावर ठेवली. मला म्हणाला, "तुला हे बोलावं लागलं याचं मला वाईट वाटतं. तू प्रामाणिक मुलगा आहेस." मग वडिलांना म्हणाला, "कल सुबह जाओ."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बोचकं घेऊन निघालो. माळीदादा फाटकापर्यंत आले. नेहमी काहीतरी चेष्टा करणारा माणूस, पण त्या दिवशी ते वडिलांच्या पायांकडे बघत राहिले. बटलर लोक एका बंगल्यावरून दुसऱ्यावर जाताना जुन्या साहेबाची शिफारसचिठ्ठी घेऊन जातात. वडिलांनी चिठ्ठी मागितली नाही. वाटेत मी तीन-चार वेळा बोलायचा प्रयत्न केला. शेवटी ते थांबले आणि म्हणाले, "झालं ते झालं. तू पुन्याला जा आनि शीक. यातलं कुनाला बोललास तर माझं तोंड बघू नको."

गावात बातमी आमच्याआधी पोचली होती. कशी, ते कळलं नाही. ज्या माणसाने कधी दारूचा थेंब घेतला नव्हता त्याला लोक हाका मारू लागले.

"काय बटलर, आनली का येखादी बाटली?"

"अरं, आमाला नाय तर निदान म्हसोबाला तरी दाव!"

वडील हसत नसत आणि चिडतही नसत. डोक्यावरचा भारा सावरून पुढे जात.

आईने मला परसात गाठून विचारलं, "तू हुतास ना तितं? मंग तू सांग. खरं हाय का?"

वडील गोठ्यात होते. त्यांना ऐकू जात होतं. मी खाली बघितलं. आईने माझ्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला आणि आत गेली. त्यानंतर तिने वडिलांना त्याबद्दल काही विचारलं नाही. पण माझ्या मामाच्या घरी लग्न होतं, तिथे ती एकटीच गेली.

पावसाळाभर मी पुण्याला होतो. परीक्षेच्या पेपरात भाषांतराला उतारा आला की माझा हात थांबे. प्रत्येक विशेषण कोणत्या नामाचं आहे हे मी दोनदा तपासून बघे. मार्क चांगले पडले. प्राध्यापक म्हणाले, तुझ्या भाषांतरात काळजी दिसते.

दिवाळीच्या सुट्टीत मी कर्जतला उतरलो आणि घरी न जाता आधी बंगल्यावर गेलो. वाक्य गाडीत पाठ केलं होतं. साहेब वेताच्या खुर्चीत बसला होता, हातात नुसता सोडा. तो इतका वाळला होता की मी क्षणभर ओळखलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कागदावरची ओळ, दोन बाटल्या, सुरई, माझ्या वडिलांनी कागद का चुरगळला ते. इंग्रजी मोडकं झालं, पण सांगितलं.

साहेबाने सोड्याचा पेला खाली ठेवला. एकदा तो हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, "मूर्ख माणूस." शब्द तसा होता, आवाज तसा नव्हता. मग म्हणाला, "त्याला सोमवारी यायला सांग." मी निघालो तेव्हा त्याने मागून विचारलं, "पाच साध्या ओळी. कॉलेजात तुम्हाला शिकवतात तरी काय?"

घरी पोचलो तेव्हा भातकापणी चालली होती. वडील खाचरात वाकलेले होते. मी बांधावरून ओरडूनच सांगितलं, इतकी मला घाई होती. ते विळा घेऊन सरळ उभे राहिले.

"सायबाला सांगितलंस?"

"हो. सगळं. तो म्हणाला, सोमवारी ये."

"तुला काय म्हनाला?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी साहेबाचं शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं. या वेळी अर्थ बदलला नाही.

वडिलांनी विळ्याचं पातं अंगठ्याने पुसलं. मग म्हणाले, "मंग मी कशापायी रं घेतली ती चोरी अंगावर?"

"बा, तुमच्यावर डाग होता."

"माझा व्हता. मी घेतला व्हता. तुला कोनी पुसायला सांगितला?" ते पुन्हा वाकले. "पाच म्हयनं मी म्हनत व्हतो, गेलं तर जाऊ दे, पोराचं तरी ऱ्हायलं. आता दोघांचं गेलं."

सोमवारी ते गेले नाहीत. मी पुन्हा विषय काढला नाही. आईला मी खरं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आता मला सांगतोस?"

मंगळवारी पोस्टमन पत्र घेऊन आला. पोशीरला दिलेल्या माझ्या बहिणीच्या घरून होतं. मी ओटीवर पुस्तक घेऊन बसलो होतो. वडिलांनी पत्र घेतलं, उलटसुलट करून बघितलं. मी हात पुढे केला. ते माझ्यासमोरून पायऱ्या उतरले, खांद्यावर पंचा टाकला आणि पलीकडच्या गावच्या मास्तरांकडे पत्र वाचून घ्यायला निघाले. जाऊन यायला दोन तास लागतात. पत्र साध्या मराठीत होतं. त्यात काय होतं ते मला संध्याकाळी आईकडून कळलं.